मारुतीच्या पौर्णिमेनंतरचा रविवार

आमच्या आजीला कॅलेंडर वाचता येत नव्हतं. पण पुनरुत्थानाचा सण कधी येणार, हे ती पाळकसाहेबांची चिठ्ठी येण्याआधी सांगायची. तिचा हिशेब चंद्रावर चालायचा. "शिमग्याची पुनव लवकर आली तर ती सोडायची, मारुतीची धरायची. शिमगाच उशिरा आला तर तीच धरायची. तिच्या पाठचा आयतवार आपला."

पुढं मी शाळामास्तर झालो तेव्हा हा ताळा करून पाहिला. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि त्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा ईस्टरचा नियम. यहुदी लोकांचा वल्हांडण सण पौर्णिमेला. येशूचं मरण त्याच सणात. म्हणून चंद्र सुटत नाही. आपल्याकडं ती पौर्णिमा बहुतेक चैत्राची म्हणजे हनुमान जयंतीची असते, आणि काही वर्षी फाल्गुनाची. 2019 साली तर उत्तम शुक्रवार आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, 19 एप्रिलला आली. 2024 साली होळीची पौर्णिमा धरावी लागली आणि 31 मार्चला ईस्टर झाला. आजीचा हिशेब कुठंच चुकला नाही. तिला हे कुणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं. "शिकवायचं काय त्यात? वर बगायचं," ती म्हणाली.

आमचं गाव मोहोळ तालुक्यात, सीना नदीच्या बाजूला. काळी जमीन, पावसाची खात्री नाही, आणि रब्बीची ज्वारी आली तरच वर्ष धकायचं. गावाच्या कडेला महारवाडा आणि त्यात आमची दहा-बारा ख्रिस्ती घरं. चर्च म्हणावं अशी इमारत नव्हती. मिशनच्या काळातली शाळेची एक खोली होती: मातीच्या भिंती, वर पत्रा, दारासमोर लिंबाचं झाड. झाडाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा तारेनं टांगलेला. तीच आमची घंटा. आठवडाभर तिथं मुलं पाढे म्हणायची आणि रविवारी त्याच जागी मंडळी बसायची. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मधे ढोलकी आणि टाळ. उपासना मास्तर चालवायचे. पाळकसाहेब महिन्यातून एकदा सायकलवर यायचे, तेव्हा प्रभुभोजन व्हायचं. त्यासाठी पावाची लादी सोलापुरातून यायची, आणि द्राक्षरस म्हणजे रात्रभर भिजवलेल्या मनुकांचं पाणी. मनुका आणायचं काम काकाचं. तो सोलापुरात गिरणीत होता.

आमच्या लोकांना वाटायचं, आणि बाहेरच्या लोकांना अजून वाटतं, की लेंटचे उपास, उत्तम शुक्रवार, ईस्टरची पहाट हे सगळं अमेरिकन मिशनऱ्यांनी पेटीत घालून आणलं आणि आमच्या हातात दिलं. इतिहास तसा नाही, तो थोडा उलटाच आहे.

सोलापुरात 1860 साली रेल्वे आली आणि त्याच दशकात अमेरिकन मराठी मिशनचं कामही तिथं सुरू झालं. ही मिशन मुळात बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाची. तिचे पहिले मिशनरी 1813 साली मुंबईला उतरले, 1831 साली त्यांनी अहमदनगरला ठाणं केलं, आणि तिथून ती दक्षिणेला आपल्याकडं सरकली. हे लोक न्यू इंग्लंडचे. तिथलं नाव अजून सोलापुरात आहे: वोरोनोको शाळा. वोरोनोको हे नाव मूळ मॅसेच्युसेट्समधलं, पण सोलापूरच्या किती बायका तिथं शिकून गेल्या, त्यांना ते दत्त चौकाइतकंच आपलं वाटतं. माझ्या दोन्ही आत्या तिथल्याच.

तर हे न्यू इंग्लंडचे ख्रिस्ती लोक प्युरिटनांच्या वंशातले, आणि प्युरिटनांना सण चालत नसत. जे बायबलमध्ये तारीख देऊन सांगितलेलं नाही, ते पाळायचं नाही, असा त्यांचा बाणा. 1659 साली मॅसेच्युसेट्समध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तो कायदा 1681 साली उठला, पण मनातली अढी पुढं कितीतरी वर्षं राहिली. लेंट आणि ईस्टर तर त्यांच्या लेखी रोमच्या पोपच्या गोष्टी. उपासाला मात्र त्यांची ना नव्हती. दुष्काळ, साथ, युद्ध असं संकट आलं की त्यांचा गव्हर्नर उपासाचा दिवस जाहीर करायचा, आणि मॅसेच्युसेट्समध्ये वसंत ऋतूत असा एक सरकारी उपासदिन 1894 पर्यंत चालू होता. थोडक्यात, संकट आलं की उपास करा, पण दरवर्षी पंचांग बघून नको.

एकोणिसावं शतक संपता संपता अमेरिकेतच ही अढी सैल झाली. पण आमच्या खेड्यात लेंट रुजला तो त्या वाटेनं नव्हे. तो तीन-चार ठिकाणांहून गोळा झाला.

पहिली गोष्ट आमच्या बायकांची. बाप्तिस्मा झाला म्हणून उपास सुटला नाही. पंढरपूर जवळ, एकादशी दारात. गावाच्या बायका शिवरात्रीचा उपास धरायच्या, आणि लेंटची सुरुवात बहुतेक वर्षी शिवरात्रीच्या आगेमागेच पडते. मिशनचे जुने लोक व्रतवैकल्यांना बिचकायचे. नवा माणूस पुन्हा जुन्या वाटेला लागेल ही भीती. पण आजीच्या पिढीनं वाद घातला नाही. त्यांनी आपले शुक्रवार धरले. "ते उपास देवानं काय तरी द्यावं म्हनून. ह्यो उपास देवानं दिलं म्हनून," एवढीच तिची फोड.

दुसरी गोष्ट मुठीची. लेंट लागला की चुलीजवळ एक गाडगं यायचं. रोज पीठ मळायच्या आधी घरातली बाई त्यातलं मूठभर त्या गाडग्यात टाकायची. घरात जितकी माणसं तितक्या मुठी नाही, एकच मूठ, पण ती आपल्या वाट्यातली. चाळीस दिवसांत गाडगं भरायचं. ईस्टरच्या दिवशी सगळी गाडगी अर्पणाच्या टेबलापुढं ओळीनं मांडायची, आणि ते पीठ वाड्यातल्या विधवांना, आजाऱ्यांना जायचं. ख्रिस्ती आहे की नाही हे न बघता. पैसे नसलेल्या मंडळ्यांत मुठीची रीत भारतभर आढळते. आमच्याकडं ती लेंटला चिकटली.

तिसरी गोष्ट भजन-कीर्तनाची. अहमदनगर भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच ख्रिस्ती कीर्तनं सुरू झाली होती. मग नारायण वामन टिळक आले. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि 1919 साली ते वारले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी मंडळीला शेकडो गीतं दिली. त्याआधी आमचे लोक अमेरिकन चालींवर मराठी शब्द ताणून बसवायचे. टिळकांनी अभंग आणि ओवी आत आणली. टिळकांचं नाव ठाऊक नसलेल्या बायकाही जात्यावर त्यांची पदं म्हणायच्या. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' सगळ्या मराठी जगानं वाचली. पण त्या घरातून निघालेलं गाणं आमच्यासारख्या पत्र्याच्या खोल्यांत राहिलं, ते फारसं कुणाच्या नजरेत आलं नाही. उत्तम शुक्रवारी आमच्याकडं प्रवचन कमी आणि कीर्तन जास्त. मास्तर फेटा बांधून उभे राहायचे आणि गेथशेमाने बागेपासून थडग्यापर्यंत तीन तास ओढत न्यायचे.

हे बारा ते तीनचे तीन तास, म्हणजे वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना, तेही किती लांबून आलेलं! सतराव्या शतकात दक्षिण अमेरिकेत, पेरू देशातल्या लिमा शहरात मोठा भूकंप झाला, त्यानंतर तिथल्या एका जेझुइट धर्मगुरूनं ही उपासना सुरू केली. तिथून ती युरोपात, कॅथलिकांकडून अँग्लिकनांकडं. आणि 1924 साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेलेली आमची मराठी मिशनची मंडळी 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला झालेल्या एकीकरणात चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आली, तेव्हा सहा पंथ एकत्र बसले. त्यात अँग्लिकनही होते. त्यांच्या वह्यांबरोबर राखेचा बुधवार, लेंटचे रविवार, जांभळं वस्त्र असं सगळं रीतसर छापून आलं. आजीनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं. आता सायबाच्या वहीतबी आलं."

झावळ्यांचा रविवार मला सगळ्यात आवडायचा. बायबलमध्ये खजुरीच्या झावळ्या सांगितल्यात. आमच्या ओढ्याला शिंदीची झाडं होती, आणि शिंदी ही खजुरीची सख्खी बहीण. शनिवारी आम्ही पोरं कोयता घेऊन जायचो, हाताला काटे टोचून घ्यायचो, आणि रविवारी त्या झावळ्या हलवत वाड्यातून फेरी काढायचो. वेशीपर्यंतच. वेशीच्या आत न जाण्याची आज्ञा कुणी दिलेली मला आठवत नाही. पण पाय तिथंच वळायचे.

आता 1973 चं सांगतो. मी दहा वर्षांचा होतो.

पाऊस आधीच दोन वर्षं नीट नव्हता, आणि 1972 साली तर त्यानं पाठच फिरवली. सोलापूर जिल्हा होरपळला. ज्वारी उगवून करपली, विहिरींचे तळ दिसले, जनावरं बाजारात मातीमोल गेली. माणसं दुष्काळी कामावर: पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणं. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो. त्याच्या भाकरीला ना चव ना लवचीकपणा. त्या वर्षी राखेचा बुधवार 7 मार्चला होता.

त्या रविवारी मास्तरांनी सांगितलं, यंदा लेंटचे उपास ज्याच्या त्याच्या मर्जीवर. खडी फोडणाऱ्या माणसानं उपास करू नये. मुठीचंही सक्तीनं नको. खोलीत कुणी बोललं नाही. सगळे रोजच अर्धपोटी होते. उपास सोडायचा तरी कशावर?

संध्याकाळी आजीनं गाडगं काढलं, पुसलं आणि चुलीजवळ ठेवलं. आई म्हणाली, "आत्याबाई, मिलोचं पीठ हाय ते. त्यातबी मूठ काढायची?"

"ज्वारीचीच मूठ पायजे असं देवानं कुटं सांगितलंय?" आजी म्हणाली आणि तिनं मूठ टाकली. मुठीत बोटं थोडी ढिली ठेवली होती, हे मी पाहिलं. चाळीस दिवस ती तशीच ढिली मूठ टाकत राहिली.

शेजारच्या वाड्यातली एक बाई कामावर आईबरोबर असायची. शुक्रवारी आई सुकडी पदरात बांधून ठेवायची आणि तीन वाजता खायची. त्या बाईनं विचारलं, "आज तुमचा कसला गं उपास? एकादशी तर परवाच झाली." आईनं सांगितलं. ती बाई गप्प राहिली आणि पुढच्या शुक्रवारी तीही आईबरोबर तीनला बसली. "तू एकटी उपाशी असताना माझ्या घशाखाली उतरंना," म्हणाली.

इथं माझ्या वडिलांबद्दल लिहावं लागेल. त्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही.

पणजोबांच्या वेळी घरात ख्रिस्ती धर्म आला. 1899-1900 च्या दुष्काळात ते मिशनच्या लोकांच्या संपर्कात आले. "भाकरीसाठी बाटले" हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं. खरं सांगायचं तर भाकरी होतीच त्यात, नाही कशाला म्हणू? पण भाकरी देणारे कमी असले तरी होते. शेजारी बसवून अक्षर शिकवणारे तेवढेच होते. वडिलांना लहानपणीच बाप्तिस्मा झाला. मंडळीच्या वहीत त्यांचं नाव एका संदेष्ट्याचं. शाळेत मात्र गुरुजींनी देवाचं नाव लिहिलं आणि पुढं "हिंदू महार". त्या वेळी कुणाला त्यात काही वाटलं नाही.

मग 1950 साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला. अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू माणसाला. 1956 साली शीख धरले गेले, 1990 साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. आमच्या वाड्याची वस्ती तीच, पाणवठा तोच, वेशीपाशी थांबणारे पाय तेच. पण कागदावर ख्रिस्ती लिहिलं की ते सगळं नव्हतंच असं धरायचं. वडिलांना एका सरकारी कचेरीत शिपायाची नोकरी लागली ती त्या जुन्या दाखल्यावर. त्या नोकरीवर सात माणसं जेवत होती.

कुणी तरी कचेरीत अर्ज करील, "हा माणूस चर्चात जातो" म्हणून, ही धास्ती त्यांना कायम. म्हणून ते आत यायचे नाहीत. रविवारी चर्चबाहेर लिंबाखाली बसायचे, बिडी न ओढता. सगळं ऐकू यायचं तिथं. विचारलं कुणी, तर पोरांना घ्यायला आलोय. प्रभुभोजन त्यांनी माझ्या आठवणीत तोवर घेतलेलं नव्हतं. मंडळीत याबद्दल कुणी तोंडावर बोलायचं नाही, कारण लिंबाखाली बसणारे ते एकटे नव्हते.

20 एप्रिलला उत्तम शुक्रवार होता. मारुतीची पौर्णिमा त्याच आठवड्यात होऊन गेली होती. बारा वाजता रूळ वाजला. पत्रा तापलेला, पाण्याचा हंडा अर्धाच. मास्तरांनी कीर्तन लावलं. काका गिरणीतून पाळी बदलून आला होता, त्याच्या हातात टाळ. मास्तर पेत्रापाशी आले. येशूला धरून नेलंय, पेत्र अंगणात शेकत बसलाय, आणि एक दासी त्याच्याकडं बोट दाखवून म्हणते, हाही त्याच्यातलाच. मास्तर गोष्ट आमच्या बोलीत सांगायचे. "पेत्र म्हनतो, छ्या! मी कुटला त्यो? मी वळकतबी न्हाई त्या मानसाला." एकदा, दोनदा, तीनदा. आणि कोंबडा आरवला.

मी दाराकडं बघितलं. वडील लिंबाखालून उठले होते आणि पाठ करून ओढ्याकडं चालले होते. मास्तरांनाही दिसलं. ते थांबले, घाम पुसला आणि पुढचं पद घेतलं. मास्तर वाईट माणूस नव्हते. गोष्टच तशी होती.

त्या रात्री वडील जेवायला बसले नाहीत. आजीनं कण्या आणि ताक पुढं ठेवलं. "मी काय करू सांग," ते तिला म्हणाले. एवढंच मला ऐकू आलं. बराच वेळानं आजी म्हणाली, "पेत्र रडला ना? मग रड. पर उद्या थडग्याला चुना लावायचाय, लवकर उठ."

शनिवारी सगळे पुरुष ख्रिस्ती कबरस्तानात. काटेरी झुडपं तोडायची, खचलेली माती भरायची, दगडांना चुना द्यायचा. हे काम वडील दरवर्षी करायचे. कबरीला चुना लावणाऱ्याला कुणी धर्म विचारत नाही.

आमच्याकडं ईस्टरची उपासना पहाटे, कबरस्तानातच व्हायची. बायका अंधारात थडग्याकडं गेल्या आणि थडगं रिकामं होतं, म्हणून आपणही अंधारात जायचं. चार वाजता रूळ वाजला. कंदील, टाळ, हातात कण्हेरीची फुलं. त्या साली पाणी कुठलं, पण कण्हेर तग धरून होती. गाणं म्हणत फेरी निघाली. तांबडं फुटायच्या आधी आम्ही पांढऱ्या दगडांमधे उभे राहिलो. वडील मागं, निवडुंगाच्या कुंपणापाशी.

मास्तरांनी त्या दिवशी मार्काच्या शुभवर्तमानातला भाग वाचला. थडग्यापाशी पांढऱ्या झग्यातला तरुण बसलाय आणि बायकांना निरोप देतोय की जाऊन त्याच्या शिष्यांना सांगा. मास्तर तिथं थांबले, पुस्तक मिटलं, आणि म्हणाले, "निरोप देणाऱ्यानं पेत्राचं नाव वेगळं घेतलंय. शिष्यांना सांगा, आणि पेत्रालाबी सांगा. का? तर पेत्र त्या दिवशी स्वतःला शिष्य म्हनून घ्यायला तयार नसनार. त्याला वाटत असनार, निरोप माझ्यासाठी न्हाई. म्हनून नावानं बोलावलं."

त्यांनी कुंपणाकडं बघितलं नाही. कुणीच बघितलं नाही. काकानं टाळ धरला आणि गाणं सुरू झालं. गाणं संपलं तेव्हा वडील आजीच्या शेजारी उभे होते, चुन्याचे हात तसेच. पाळकसाहेब त्या दिवशी आलेले होते. दगडावर पांढरं फडकं टाकून त्यांनी प्रभुभोजन दिलं. वडिलांनी हात पुढं केला. मनुकांचं पाणी त्या साली फार पातळ होतं.

मग गाडगी आली. मिलोचं पीठ, काहींत सुकडी, एकात नुसत्या कण्या. कुठलंच भरलेलं नव्हतं. ते सगळं एका पाटीत ओतलं, आणि त्या शुक्रवारच्या उपासवाल्या शेजारणीच्या घरी पहिला वाटा गेला. तिचा नवरा आजारी होता. मटण-रस्सा त्या ईस्टरला कुणाच्या घरी शिजला नाही. "ख्रिस्त उठला," असं एकमेकांना म्हणून लोक दुसऱ्या दिवशी खडीवर गेले.

जूनमध्ये माझी धाकटी बहीण पहिलीत गेली. वडील स्वतः नाव घालायला गेले. धर्माच्या रकान्यात त्यांनी "ख्रिश्चन" सांगितलं. आई घाबरली, काका चिडला. वडील म्हणाले, "माझं झालं ते झालं. हिच्यापासनं तरी सरळ लिवू." त्यांची नोकरी गेली नाही; कुणी अर्ज केलाच नाही. पण घरात दोन दाखले झाले. माझ्यावर "हिंदू महार", तिच्यावर "ख्रिश्चन". मला फी माफ, शिष्यवृत्ती, पुढं राखीव जागेवर डी.एड. आणि नोकरी. तिला काही नाही. अकरावीत फी साठेना, तेव्हा ती घरी बसली. माझ्याहून ती हुशार होती, हे शाळेला, घराला आणि मला माहीत होतं. एका आईच्या दोन लेकरांत एक रकाना शिरला, आणि आम्ही दोघं दोन बाजूंना गेलो.

हा प्रश्न अजून सुटलेला नाही. 2007 साली न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाचा अहवाल आला. दर्जा देताना धर्म बघू नये, असं त्यात म्हटलं होतं. 2022 साली सरकारनं न्या. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला. कोर्टात तारखा पडतात. 2024 साली सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात सांगितलं की चर्चला जाऊन फक्त सवलतीसाठी हिंदू म्हणवणं ही फसवणूक आहे. मी ती बातमी दोनदा वाचली. कायद्याच्या भाषेत ते बरोबरच असेल. लिंबाखाली कोण बसलं होतं आणि का, हे मला माहीत आहे. मी स्वतः निवृत्त झालो, पेन्शन घेतो, आणि दर उत्तम शुक्रवारी पेत्राची गोष्ट आली की अजून दाराकडं बघतो.

बहिणीनं यावरून मला कधी एक शब्द ऐकवला नाही. एकदा मीच काढलं. ती म्हणाली, "दादा, वडिलांनी मला माझं नाव दिलं. तुला नोकरी दिली. दोन्ही त्यांच्याकडं होतं तेवढं."

आमच्या भावकीतली बरीच घरं 1956 नंतर बौद्ध झाली. त्यामुळं वाड्यात एका भिंतीवर क्रूस आणि पलीकडं बाबासाहेब. 2017 साली उत्तम शुक्रवार नेमका 14 एप्रिलला आला. आमच्याकडं वर्षातला सगळ्यात शांत दिवस, आणि पलीकडं जयंती, सगळ्यात वाजतागाजता. आम्ही काही बोललो नव्हतो. पण सकाळी चुलतभावाचा मुलगा आला आणि म्हणाला, "तात्या, बारा ते तीन स्पीकर बंद ठेवतो. तुमचं झालं की रूळ वाजवा." तीन वाजता रूळ वाजला, आम्ही कण्या-ताक घेतलं, आणि संध्याकाळी आमची पोरं निळे झेंडे घेऊन मिरवणुकीत गेली. ती मिरवणूक वेशीतून आत गेली, गावातून फिरली आणि परत आली.

आता पत्र्याच्या जागी स्लॅब आहे. गिरण्या बंद पडल्या, काका गेला, ढोलकीच्या जोडीला कीबोर्ड आला. निम्मी घरं पुण्यात. ती ईस्टरला गाडी करून येतात, पहाटेची उपासना मोबाईलवर टिपतात आणि दुपारी मटण-भाकरी, शेंगाचटणी खाऊन परत जातात. अर्पण पाकिटातून येतं. गाडगं फक्त बहिणीच्या घरी आहे. आजीचंच, काठ थोडा उडालेला. लेंट लागला की ती ते काढते. पीठ आता चक्कीचं असतं, मूठ घट्ट असते, आणि गाडगं चाळीस दिवस व्हायच्या आधीच भरतं. मग ती शेजारी डबा ठेवते.

यंदाही तिनंच फोन केला होता. शिमगा झाला होता. "दादा, ही पुनव सोडायची का धरायची?" मी कॅलेंडर बघून सांगतो म्हणालो. ती हसली आणि म्हणाली, "राहू दे, मी अंगणातच उभी आहे."